पुलाखालच्या शेजाऱ्यांना जेवण द्यायचंय, सुरुवात कशी करावी?

तुमचा प्रश्न मला कळला तसा आधी लिहिते. ७२ फ्लॅटची सोसायटी, गेटपासून दोन मिनिटांवर फ्लायओव्हर, त्याखाली आठ-नऊ कुटुंबं बऱ्याच वर्षांपासून राहतात. सोसायटीत रोज अन्न उरतं, ते ओल्या कचऱ्यात जाताना बघवत नाही, म्हणून गेटबाहेर एक फ्रीज ठेवावा असं तुम्हा चार-पाच जणांच्या मनात आहे, १८ हजार वर्गणी पण जमलीय, पण कमिटीतले काहीजण म्हणतायत की गर्दी होईल, घाण होईल, आणि त्या लोकांना फुकटची सवय लागेल. तर फ्रीज घ्यावा का, आणि विरोध करणाऱ्यांना काय सांगावं.

मी दादर-परळ भागात २०११ पासून हे करतेय. संस्था नाही, ट्रस्ट नाही, आमच्या गल्लीतल्या तीन बिल्डिंगमधली मिळून सध्या १४ घरं आहेत आणि पुलाखालच्या फुटपाथवरची नऊ. शिकवणारं कोणी नव्हतं, चुका करत करतच शिकलो, त्यामुळे उत्तर लांब होणार आहे, पण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकते. फ्रीज आत्ता घेऊ नका. वाईट कल्पना आहे म्हणून नाही, तुम्ही अजून खाली जाऊन बोलला नाहीत म्हणून. तुमच्या एवढ्या मोठ्या प्रश्नात त्या आठ-नऊ कुटुंबांबद्दल एकच ओळ आहे, की ते तिथे राहतात.

आम्हीही तसंच केलं होतं. एका रविवारी चौघींनी मिळून पुलाव केला, ३० पाकिटं भरली आणि संध्याकाळी साडेसातला घेऊन गेलो. तिथे तीन चुली पेटलेल्या, एका मावशीची भाकरी तव्यावर, शेजारी पातेल्यात डाळ रटरटतेय. आम्ही पाकिटं पुढे केल्यावर ती जरा अवघडली आणि म्हणाली, "ताई, सैपाक झालाय की आमचा. पाणी मिळंल का वाईच?" त्यांना प्यायचं पाणी एका हॉटेलच्या मागच्या नळावरून आणावं लागायचं, ते हॉटेल त्या आठवड्यात बंद होतं, आणि आम्ही पुलाव घेऊन उभ्या. आमच्या बिल्डिंगच्या आवारात गाड्या धुवायला नळ आहे, तो त्यांच्यापासून ४० पावलांवर. आमचं काम खऱ्या अर्थाने पाण्यापासून सुरू झालं, संध्याकाळी ६ ते ७ तो नळ त्यांना उघडा ठेवायचा, एवढंच. जेवणाचं आम्ही पुढचे दोन महिने काही केलंच नाही, आणि आता मागे वळून बघताना वाटतं की ते फार बरं झालं, कारण त्या तासाभरात हंडे भरता भरता ओळखी झाल्या. कोणाची मुलगी कितवीत आहे, कोणाला शुगर आहे, कोण पहाटे ४ ला दादरच्या फुलबाजारात जातं, हे सगळं त्या नळावर कळलं.

तर पहिलं काम हे, की रिकाम्या हाताने जा आणि चार दिवस जा. सोबत फोटो काढणारं कोणी नको, आठ-दहा जणांचा घोळका नको, दोघंच जा, त्यातली एक तरी बाई असू दे कारण दिवसा तिथे बहुतेक बायका आणि म्हाताऱ्याच भेटतात. नाव सांगा, कुठल्या बिल्डिंगमधल्या ते सांगा, त्यांचं गाव विचारा. आमच्याकडची कुटुंबं सोलापूर, धाराशिव, बीडकडची आहेत, दोन पारधी कुटुंबं आहेत, तुमच्याकडे वेगळी असतील. काम काय करतात ते विचारा. फुटपाथवर राहणारा म्हणजे भीक मागणारा ही समजूत तिथे अर्ध्या तासात जाते. आमच्या नऊ घरांत गजरे आणि वेण्या करणारी चार आहेत, बाकी कोणी नाक्यावर बिगारी कामाला उभं राहतं, कोणी भंगार वेचतं, एक जोडपं केटररकडे वाढप्याचं काम करतं, म्हणजे लग्नात आपल्या पानात जो जिलबी वाढून जातो तो रात्री पुलाखाली झोपतो. २०११ च्या जनगणनेत शहरी भारतात ९ लाखांवर बेघर मोजले गेले, त्यात मुंबईत ५७ हजारांच्या आसपास, आणि ही मोजणी एका रात्रीत होते, त्यामुळे कामावर असलेली, कुठल्या आडोशाला झोपलेली कितीतरी माणसं त्यात येतच नाहीत असं या क्षेत्रातले सगळेच सांगतात.

आता उरलेल्या अन्नाबद्दल, कारण तुमची सुरुवातच तिथून झालीय.

आपल्या भाषेत किती शब्द आहेत बघा. उरलेलं वेगळं, शिळं वेगळं, उष्टं वेगळं, खरकटं वेगळं, आणि काढून ठेवलेलं एकदम वेगळं. सवाष्णीचं पान असो, नैवेद्य असो, घरी उशिरा येणाऱ्या मुलाचं जेवण असो, ते आपण आधी काढून ठेवतो, मग पानं घेतो. मी सगळ्यांना सांगते की एवढा एक नियम पाळा, पुलाखाली जाणारं जेवण तुमची पानं मांडायच्या आधी पातेल्यातून काढलेलं असलं पाहिजे. जेवणं झाल्यावर तळाला राहिलेली भाजी आणि कालची पोळी खाली पाठवायची नाही, ती तुम्ही स्वतः उद्या खा, फोडणीची पोळी करा, काहीही करा.

यामागे एक कारण आरोग्याचं आहे आणि एक त्याहून जुनं आहे. जुनं आधी सांगते. महाराष्ट्रात शिळे तुकडे देणं ही साधी सवय कधीच नव्हती, पिढ्यानपिढ्या गावकुसाबाहेरच्या माणसांना कामाच्या बदल्यात तेच मिळायचं, दारात उभं राहून, वरून टाकलेलं. १९२७ च्या महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी लोकांना जी हाक दिली त्यात शिळेपाके तुकडे खाणं सोडा हे स्पष्ट होतं. पुलाखाली राहणाऱ्यांत कोणत्या जातीजमातींची माणसं जास्त आहेत हे तुम्ही चार दिवस गेलात की कळेलच. तुमच्या मनात असं काही नसतं हे मला मान्य आहे, पण घेणाऱ्याच्या आठवणीत ते असतं, त्याच्या आजीने सांगितलेलं असतं, आणि कालची पोळी हातात आली की ते सगळं एका क्षणात जागं होतं. आमच्याकडच्या एका आजोबांनी मला पहिल्या वर्षी विचारलं होतं, "ह्ये तुमी बी खाल्लं का आज?" मी हो म्हणाले तेव्हाच त्यांनी डबा उघडला.

आरोग्याचं कारण भाताचं. शिजलेला भात बाहेर ठेवला की त्यात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू वाढतो, त्याचे बीजाणू शिजवताना मरत नाहीत, आणि एकदा त्याने विष तयार केलं की परत गरम करूनही ते जात नाही, उलट्या होतात. आपल्या घरी झालं तर आपल्याला बाथरूम आहे, पाणी आहे, डॉक्टर आहे. पुलाखाली रात्री ११ ला पोराला जुलाब सुरू झाले तर सार्वजनिक शौचालय बंद असतं, उघडं असलं तर दर खेपेला पैसे द्यायचे, पाणी साठवलेलं तेवढंच. म्हणून आमचा नियम कडक आहे, शिजल्यापासून दोन तासांत पोटात गेलं पाहिजे, मे महिन्यात त्याहून लवकर. दुपारचा भात संध्याकाळी नाही. पनीर, खोबऱ्याचं वाटण, मासे आम्ही पाठवतच नाही, ताजे असतील तरी. ज्यांना लग्नाचं किंवा हॉलचं शिल्लक राहिलेलं शे-दोनशे माणसांचं जेवण द्यायचं असतं त्यांनी आपल्या गल्लीत आणून ओतू नये, त्यासाठी रोटी बँका आहेत. मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१५ च्या डिसेंबरमध्ये सुरू केली, त्याच सुमारास औरंगाबादलाही झाली, २०१४ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या रॉबिन हूड आर्मीचे स्वयंसेवक आता बऱ्याच शहरांत आहेत. त्यांना तेवढं अन्न उचलायची आणि लगेच पोचवायची सवय असते. घराघरातून जाणाऱ्या डब्याचं काम निराळं आहे, त्यात माणसं कमी आणि ओळख जास्त असते.

डब्यावरून आठवलं, पाकिटं, फॉइलचे कंटेनर, कागदी प्लेटा यातलं काही वापरू नका. आम्ही पहिले सहा महिने वापरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच कंटेनर फुटपाथवर, मग तुमच्या कमिटीतले म्हणतायत तीच तक्रार, घाण होते. मग एका ताईंनी सुचवलं की आपण लहानपणी शेजारी वाटी पाठवायचो ती स्टीलची असायची, नाव कोरलेली, तसं का नाही करायचं. आम्ही १२ डबे घेतले, झाकणाचे, तळाला नंबर कोरून घेतले, प्रत्येक कुटुंबाचा नंबर ठरलेला. बिल्डिंगमधले दोघं-तिघं म्हणाले महिन्याभरात भंगारात विकतील. वर्षअखेर मोजले तेव्हा दोन कमी होते, त्यातला एक पुढे आमच्याच बिल्डिंगमध्ये एका घरी ओट्याखाली सापडला. हे मी विरोध करणाऱ्यांना आजही सांगते.

पण डब्याने जे खरं केलं ते वेगळंच होतं. डबा परत द्यायला कोणीतरी यावं लागतं. पाकीट दिलं की संपलं, डबा मात्र दुसऱ्या दिवशी घासून घेऊन एक बाई किंवा पोरगं गेटपर्यंत येतं, दोन मिनिटं थांबतं, भाजी तिखट झाली होती का याची चौकशी होते, आणि हे आठवड्यातून दोन-तीनदा झालं की तुम्हाला पुलाखालची माणसं चेहऱ्याने, आवाजाने, खोकल्याने ओळखू यायला लागतात. आणि मग एक दिवस डबा भरून येतो. आपल्याकडे शेजारची वाटी रिकामी परत पाठवत नाहीत ना, निदान चिमूटभर साखर तरी घालतात, तर ही रीत फक्त फ्लॅटवाल्यांचीच आहे असं आम्हाला का वाटलं होतं कोण जाणे. पहिल्यांदा डब्यात मोगऱ्याचा गजरा आला. मग संक्रांतीला तिळाची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, ती सोलापूरकडची खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटलेली.

त्या दिवसाबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण सगळ्या प्रकरणात मला तोच दिवस महत्त्वाचा वाटतो. चटणीचा डबा तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंकडे आला होता, निवृत्त शिक्षिका, तीन वर्षं न चुकता मंगळवारचा डबा करणाऱ्या. त्यांनी मला वर बोलावलं आणि डबा टेबलावर तसाच ठेवून म्हणाल्या, मला खाववत नाहीये, खरं सांगते, फुटपाथवर केलेलं आहे, पाणी कुठलं, हात कसे, पण टाकवत पण नाहीये. मी काही बोलले नाही, मलाही तेच वाटत होतं. मग त्याच म्हणाल्या की तीन वर्षं ती माणसं आपल्या हातचं खातायत, त्यांनी एकदा तरी विचारलं का आपलं स्वयंपाकघर कसं आहे. आम्ही दोघींनी भाकरी तोडली आणि चटणीशी खाल्ली. बाईंनी दुसऱ्या दिवशी खाली जाऊन ती चटणी कशी करतात ते विचारलं, लसूण सालासकट घालायचा की सोलून, आणि त्या मावशीच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी इतक्या वर्षांत जेवण देताना एकदाही पाहिलं नव्हतं. त्यानंतर त्या दोघींचं नातं बदललं. पुढे बाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रोज सकाळी देवपूजेची फुलं वर पोचवायला मावशीच येत होती आणि थेट सोफ्यावर बसून चहा घेत होती, आमच्या सगळ्यांच्या घरात वापरतो त्याच कपातून.

कपाचं मुद्दाम लिहिलं. आपल्या बहुतेक सोसायट्यांमध्ये कामवाल्या मावशींचा कप वेगळा असतो, काही ठिकाणी लिफ्ट वेगळी असते. जिथे घरातल्या माणसाशी असं वागणं चालतं तिथून पुलाखाली जाणारा डबा किती सरळ मनाने जाईल याचा विचार तुमच्या ग्रुपमध्ये मोकळेपणाने करा, भांडण झालं तरी चालेल.

दिवस ठरवून द्या. हे फार महत्त्वाचं आहे आणि इथेच बहुतेक ग्रुप फसतात. सर्वपित्री अमावास्येला आमच्या फुटपाथवर सहा ठिकाणांहून जेवण येतं, खीर, वडे, भात, सगळं एकाच दुपारी, माणसं गाड्या थांबवून पत्रावळी देतात आणि अक्षरशः विनवतात की खा हो, कारण त्यांच्या घरच्या गेलेल्या माणसासाठी कोणीतरी जेवलेलं त्यांना हवं असतं. दिवाळीला फराळ इतका की पोरांचं पोट बिघडतं. आणि नंतरच्या साध्या बुधवारी कोणी फिरकत नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीची होळी लहान करा पोळी दान करा ही मोहीम मला मनापासून आवडते, आगीत जाणाऱ्या पुरणपोळ्या गोळा करून भुकेल्यांना देणं यात चुकीचं काहीच नाही, आमचीही घरं त्यात भाग घेतात, पण वर्षातले बाकीचे दिवस ही तुमची जबाबदारी समजा. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी साडेसात, एवढं ठरवा आणि तीन महिने एकदाही चुकवू नका. कारण ज्या दिवशी डबा येणार असतो त्या दिवशी ती बाई सरपण आणत नाही, चूल पेटवत नाही. तुम्ही ऐनवेळी नाही गेलात तर त्या रात्री पोरं वडापाववर झोपतात. जमणार नसेल तर दुपारी २ च्या आत जाऊन सांगून यायचं, फोन असेल तर फोन करायचा.

पावसाळ्यात मात्र रोज. जून ते सप्टेंबर चूल पेटत नाही, लाकडं ओली, आडोसा गळतो, आणि गजऱ्यांचा धंदा पण मंदावतो. आमच्याकडे तेव्हा घरं वाटून घेतात, एका घराकडे आठवड्यातून साधारण एक संध्याकाळ येते. ३० माणसांची मुगाची खिचडी करायची तर २ किलो तांदूळ आणि १ किलो डाळ पुरते, सोबत कांदा आणि लोणचं. दोन घरांनी मिळून केली तर घरच्याच कुकरमध्ये होते, मोठी भांडी भाड्याने आणायची गरज नाही. तिखट कमी. म्हाताऱ्यांना दात नसतात, पोळी चावत नाही, त्यांना मऊ भात नाहीतर दुधात कुस्करलेली भाकरी लागते. शुगर असलेल्यांना आठवड्यातून तीनदा शिरा देऊ नका, आम्ही एका मावशीला असंच दोन वर्षं गोड खाऊ घालत होतो आणि पायाची जखम भरेना तेव्हा कळलं. त्या चुकीबद्दल मला आजही वाईट वाटतं, कारण विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपासच्या फुटपाथवर आमची काही घरं जातात, ते वेगळंच प्रकरण आहे. तिथे राहणारी माणसं गावाकडे घर असलेली असतात, बिहार, बंगाल, आसाम, विदर्भ, कुठून कुठून आलेली, उपचार चालू आहेत आणि धर्मशाळेत जागा मिळालेली नाही म्हणून रस्त्यावर. दादरला संत गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, तिथे अशा कितीतरी लोकांची सोय होते, तरी कमीच पडतं. केमो चालू असलेल्या पेशंटला बाहेरचं देताना फार जपावं लागतं, कच्ची कोशिंबीर नाही, कापून ठेवलेली फळं नाही, फक्त नुकतं शिजवलेलं गरम. तोंड आलेलं असतं म्हणून तिखट चालत नाही, तांदळाची पेज, मऊ खिचडी, पातळ वरण एवढंच जातं. आणि बंगाली माणसाला तीन दिवस पोळी-भाजी दिली तर तो बिचारा खातो पण भातासाठी तळमळतो, हे त्याने सांगायला आमच्याशी दोन आठवड्यांची ओळख लागली. डॉक्टरने काय खायला सांगितलंय ते विचारल्याशिवाय पेशंटच्या हातात काही ठेवू नका.

गाडगेबाबांचं नाव आलंच आहे तर, ते गावात शिरले की आधी गाव झाडायचे आणि मग भाकरी मागायचे, फुकट खायचं नाही हा त्यांचा बाणा होता. आमच्या पुलाखालची माणसंही तशीच आहेत, घेतलेल्याची परतफेड करायला ती धडपडतात आणि आपण "अहो राहू दे राहू दे" म्हणून ती वाट बंद करतो. करू द्या. गणपतीला मखराची फुलं आमच्याकडे त्यांच्याकडूनच येतात, विकत, योग्य भावाने, मोफत नाही. बिल्डिंगमध्ये कार्यक्रम असला की हार-गजऱ्याची ऑर्डर त्यांनाच. वॉचमन सुट्टीवर होता आणि आमच्या एका काकांना रात्री छातीत दुखायला लागलं तेव्हा टॅक्सी थांबवून, त्यांना उचलून बसवणारी दोन पोरं पुलाखालचीच होती.

तुमच्या कमिटीला काय सांगायचं? गर्दी होईल म्हणतात त्यांना विचारा की ती कुटुंबं तिथे किती वर्षं आहेत. ती आधीपासूनच आहेत, डबा ठरलेल्या नऊ कुटुंबांना जातो, नंबराने, त्यांच्या जागी जाऊन. गेटवर रांग लावायची नाही, लाऊ दिली की गर्दी होणारच. सवय लागेल म्हणतात त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना एकदा पहाटे साडेचारला खाली न्या. फुलबाजारातून आलेल्या बायका दिव्याच्या खांबाखाली बसून वेण्या ओवत असतात ते दाखवा. आमच्याकडे सगळ्यात कडवा विरोध असलेले जे गृहस्थ होते ते स्वतः मॉर्निंग वॉकला जाताना हे बघून आले आणि काही न बोलता त्यांच्या घरून शुक्रवारचा डबा सुरू झाला. सगळेच असे बदलतात असं नाही, दोन घरांशी आमचं आजही पटत नाही, त्यांच्या मजल्यावर आम्ही विषय काढत नाही. ७२ पैकी पाच घरं पुरेत, सोसायटीचा ठराव वगैरे करायला जाऊ नका, सर्वसाधारण सभेत हा विषय गेला की मरतो. नळ मात्र सोसायटीचा असेल तर परवानगी लागेल, ती वेळ बांधून मागा.

जेवणाच्या ओळखीतून पुढे जे होतं त्याची तयारी ठेवा. पहिल्या वर्षभरात तुमच्याकडे कागदं येतील. पुलाखाली कागद टिकत नाहीत, पावसात भिजतात, चोरीला जातात, कधी पालिकेची गाडी येते आणि सामानाबरोबर पेटीच उचलून नेते. आमच्या एका घरात कपाटाचा एक कप्पा त्यासाठीच आहे, प्रत्येक कुटुंबाची प्लास्टिकची फाइल, आधार, शाळेचे दाखले, केसपेपर. पत्ता नाही म्हणून रेशनकार्ड नाही, रेशनकार्ड नाही म्हणून स्वस्त धान्य नाही, आणि म्हणून ही माणसं किराणा दुकानातून पावशेर-अर्धा किलोने तांदूळ आपल्यापेक्षा महाग घेतात, हे चक्र फोडायला तुमच्यातला एखादा निवृत्त सरकारी माणूस फार उपयोगी पडतो, त्याला पकडा. मुलांच्या शाळेचं तुलनेने सोपं आहे, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे सोबत जाऊन शांतपणे सांगितलं की काम होतं. टीबीचं औषध चालू असलेल्या पेशंटला निक्षय पोषण योजनेत सरकारकडून पोषणासाठी महिन्याला पैसे मिळतात, २०१८ ला ५०० होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून १०००, पण ते बँक खात्यात येतात, म्हणजे आधी खातं उघडून द्यायला हवं. निवाऱ्यांबद्दल सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय की शहरात लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास आणि बारा महिने. मुंबईला तेवढे निवारे कुठे आहेत हे तुम्हीच बघा, आणि जे आहेत तिथे नवरा-बायको-मुलं एकत्र राहता येतं का ते आधी चौकशी करून मगच कोणाला जा म्हणून सांगा. एका कुटुंबाला आम्ही उत्साहाने पाठवलं, तिथे बाप्यांची सोय वेगळी होती, बाई रात्री पोरांना घेऊन परत आली आणि मधल्या काळात त्यांची पुलाखालची जागा दुसऱ्याने घेतलेली.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा या सगळ्याची परीक्षा झाली. गेटं बंद, फुलबाजार बंद, लग्नं बंद, म्हणजे नऊच्या नऊ घरांची कमाई एका रात्रीत शून्य. आमच्या १४ घरांतली निम्मी घाबरली होती, साहजिक होतं. पण तोपर्यंत नऊ वर्षांची ओळख होती, कोणी अनोळखी गरीब नव्हते, त्यांच्या पोरांची नावं आमच्या पोरांना पाठ होती. मग डबा गेटच्या आत एका स्टुलावर, पलीकडून ते उचलायचे. दोन महिन्यांनी आमच्यातली तीन घरं पॉझिटिव्ह येऊन बंद झाली, तेव्हा गेटच्या त्याच स्टुलावर आमच्यासाठी भाजी आणून ठेवणारी माणसं पुलाखालची होती, त्यांना ठाऊक होतं कुठला हातगाडीवाला कुठल्या गल्लीत लपून उभा राहतो.

आता फ्रीज. कल्पना परदेशात चालते, जर्मनीत २०१२ पासून, स्पेनमध्ये बिल्बाओजवळच्या गाल्दाकाओ गावात २०१५ पासून, आपल्याकडे कोचीला एका रेस्टॉरंटने २०१६ मध्ये बाहेर फ्रीज ठेवला. गाल्दाकाओचे नियम बघितलेत तर कळेल की कच्चं मांस, मासे, अंडी नाही, घरच्या अन्नावर तारीख हवी, आणि रोज बघणारा माणूस हवा. तो रोजचा माणूस तुमच्याकडे आहे का? मुंबईच्या मे महिन्यात दार सारखं उघडं-बंद होणारा फ्रीज आत ५ डिग्रीच्या खाली राहतो का हे थर्मामीटर ठेवून बघणारं कोणी आहे का? नाक्यावरून येणारे-जाणारे मजूर, डिलिव्हरीची पोरं, फिरस्ते यांच्यासाठी फ्रीज चांगला, त्यात ताक, केळी, पाण्याच्या बाटल्या ठेवा. पण ज्यांना तुम्ही रोज बघता त्या नऊ घरांसाठी फ्रीज ठेवला तर तुम्ही रात्री खाली येऊन डबा आत ठेवाल, लिफ्टने वर जाल, आणि दहा वर्षांनीही त्यांचं गाव तुम्हाला माहीत नसेल. मी अशा एका फ्रीजचं काम जवळून पाहिलंय, मुलं हुशार होती, मेहनती होती, वर्षभर चाललं आणि मग रविवारच्या उरलेल्या बिर्याणीने आणि कुलूप कोणी लावायचं या भांडणाने बंद पडलं.

त्या १८ हजारांचं मी काय केलं असतं ते सांगते. नऊ कुटुंबांचे दोन-दोन डबे, म्हणजे एक घासायला असताना दुसरा जाईल, चांगल्या स्टीलचे, नंबर कोरून. झाकणाचे तोटीवाले पाण्याचे ड्रम, कुटुंबाला एक. नळाला लांब पाइप. कागदांसाठी नऊ फाइली. आणि उरलेल्या पैशांत जाड ताडपत्री, पण ती मेच्या दुसऱ्या आठवड्यातच घ्या, पहिला पाऊस पडला की भाव वाढतो आणि जाड माल मिळत नाही, आणि घ्यायच्या आधी त्यांच्यापैकीच कोणाला तरी दुकानात सोबत न्या, किती फूट लागते आणि कडी कुठे हवी ते त्यांनाच माहीत असतं.